मोटारखान्यातली टांड

ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही, आई होती तोवर आईला सांगितली नाही, आणि ज्याला सांगायला हवी होती त्याला तर नाहीच नाही. ग्वाल्हेरला आमच्या माधवगंजातल्या घराच्या मोटारखान्यात भिंतीवर गेरूची एक रेघ होती. ती मी झाकली. भर दुपारी, घरातली माणसं जेवून आडवी झालेली असताना, बादलीतला उरलेला चुना तिच्यावर दोनदा फिरवला. पुढे एका माणसाने दहा जणांसमोर मला विचारलं, की रेघ होती की नव्हती. मी म्हणालो, मला आठवत नाही.

याला वीस वर्षं झाली. मी आता अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. या वीस वर्षांत मी या गोष्टीवर चिडलो नाही असा महिना गेला नसेल, पण चिडायचो ते दुसऱ्यांवर. आधी ते दुसरे सांगतो, कारण त्यांच्यावरचा राग अजूनही खोटा नाही. शेवटी माझी पाळी येईलच.

आमच्या घराचं दोनदा विलीनीकरण झालं. पहिल्यांदा संस्थान गेलं तेव्हा. वडील संस्थानच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते, त्यांच्याकडे जुनी का होईना मोटार होती, आणि तिच्यासाठी त्यांनी घराच्या अंगणाला लागून मोटारखाना बांधला होता. संस्थान मध्यभारतात गेलं, कचेरी कोणत्या तरी दुसऱ्या कचेरीत गेली, वडिलांचा हुद्दा कुठेच गेला नाही, तो नुसता उरलाच नाही. मोटार विकली. वडील दुसऱ्या वर्षी वारले. मोटारखाना रिकामा राहिला, आणि आई त्यात पापड वाळत घालू लागली.

दुसऱ्यांदा छप्पन साली. मध्यभारतसुद्धा संपला, राजधानी भोपाळला गेली, आणि ग्वाल्हेरच्या अर्ध्या कारकुनांना हुकूम आले की चला. मीही त्यातलाच एक. माणसाला मूळ धरून उपटायचं तर निदान हाताने उपटावं, इथे सायक्लोस्टाईल केलेल्या कागदाने उपटत होते. कागदावर नावाची जागा रिकामी ठेवलेली, ती शाईने भरलेली. माझं नावही चुकीचं लिहिलं होतं. मी ते दुरुस्त करून घ्यायला गेलो तर साहेब म्हणाले, भोपाळला जाऊन दुरुस्त करून घ्या.

दादाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, बदली झाली नाही. मोडलेल्या सगळ्या खात्यांचे जुने कागद एका मोठ्या हॉलमध्ये एकत्र रचायचे होते, ते काम त्याच्याकडे आलं. त्या हॉलला जमिनीपासून छतापर्यंत मांडण्या करायच्या होत्या, आणि त्या कोणाकडून करवून घ्यायच्या हे दादाच ठरवणार होता. हे लक्षात ठेवा, कारण एका माणसाचं सगळं यावर अडकलं होतं.

तो माणूस म्हणजे आमचा मिस्त्री. दगडाचं, लोखंडाचं, लाकडाचं, तिन्ही कामं जाणणारा. माधवगंजातल्या मराठी घरांची कामं त्याच्या वडिलांपासून त्यांच्याकडे. कोणाच्या देवघराचा दगडी ओटा, कोणाच्या जिन्याची तुटलेली पायरी, गणपतीचं मखर मोडलं तर तेही. त्याने कधी पाटी लावली नाही. आमच्या गल्लीतल्या बायका एकमेकींना म्हणत, मिस्त्रीला बोलावून घे, तो सांगेल. तोच त्याचा धंदा होता, हे तोंडातोंडी चालणारं नाव.

दादाने ठरवलं की मोटारखाना गल्लीतल्या एका डॉक्टरांना भाड्याने द्यायचा, त्यांना मोटार लावायला जागा हवी होती. आणि माझ्या बदलीमुळे मोकळं होणारं सामान त्याच मोटारखान्यात वर ठेवायचं, म्हणजे खाली मोटार, वर सामान. त्यासाठी टांड करायची. आमच्याकडे भिंतीच्या कडेने छताखाली सामानासाठी फळ्या मारतात त्याला टांड म्हणतात. तिकडे पुण्याचे लोक माळा म्हणतील, पण माळ्यावर माणूस उभा राहू शकतो. टांड अधांतरी असते.

मिस्त्री आला, त्याने छत पाहिलं. ग्वाल्हेरची छतं पटियांची, म्हणजे लांबच लांब दगडी फरश्या, भिंतीपासून लोखंडी गर्डरपर्यंत आडव्या टाकलेल्या. दादाचं म्हणणं, पटियांना भोकं पाडा, आकडे अडकवा, टांड लटकवा, दोन दिवसांत काम संपवा. मिस्त्रीने मान हलवली.

"पटिया में छेद नहीं करूंगा, बाबूजी. पत्थर ऊपर का बोझ ले लेता है. नीचे से लटकाओगे तो एक दिन बिना बताए फटेगा."

दादाला कोणी नाही म्हटलेलं चालत नसे. तो म्हणाला, आम्ही तीन पिढ्या असल्याच छतांखाली झोपतो, आम्हाला आमचं छत माहीत नाही? मिस्त्री हसून म्हणाला की झोपणारा छत खालून बघतो, आणि मी वर चढून. दादाही हसला. पण ते हसणं त्याने जपून ठेवलं होतं, हे नंतर कळलं.

मिस्त्रीने आपल्याच पद्धतीने टांड केली. आतली कड दगडी तोड्यांवर, म्हणजे भिंतीत बसवून पुढे काढलेल्या दगडांवर, बाहेरची कड गर्डरला पक्की धरलेल्या लोखंडी आकड्यांवर आणि सळयांवर. खाली एकही खांब नाही, मोटार सरळ आत जाईल. काम चार दिवस चाललं. प्रत्येक फळी लावल्यावर तो स्वतः तिच्यावर बसून पाय हलवायचा, आणि आई खालून ओरडायची की अरे पडशील. शेवटच्या दिवशी तो आपल्या ओळखीच्या दोन मिस्त्रींना घेऊन आला आणि त्यांना आकडे दाखवले. दादाने त्याला सांगून ठेवलं होतं, हे काम बघतो आणि मग हॉलच्या मांडण्यांचं बोलू. आमची टांड हा त्याचा नमुना होता. तो हॉल मिळाला असता तर दोन वर्षं आणि दहा माणसं कामाला लागली असती.

जाण्यापूर्वी त्याने गेरू कालवला, टांडेवर चढला, आणि भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लाल रेघ ओढली. एक पेटी ठेवली की तिच्या झाकणाच्या वर चार बोटं येईल एवढ्या उंचीवर. तेव्हा तिथे फक्त मी होतो.

"भैयाजी, एक ही थर. भारी सामान दीवार की तरफ, हल्का बाहर. इस लाल के ऊपर कुछ नहीं जाएगा. मैं आपको बता के जा रहा हूं."

मी म्हणालो, हां हां.

आता आमच्या लोकांबद्दल बोलतो. दख्खनेतून इथे आलेल्या आमच्या घरांत एक रीत होती, अजूनही असेल. कोणी बदलीवर निघालं की मागे राहणाऱ्याच्या घरी एक पेटी ठेवायची. परत येऊ तेव्हा घेऊ. पेटीवर हळदकुंकवाची बोटं, कुलपाला लाल दोरा. ठेवणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, आणि आत काय आहे हे विचारायचं नाही. विचारणं म्हणजे त्याच्या घरावर संशय घेणं. संस्थानच्या काळात फौजेबरोबर, दौऱ्याबरोबर माणसं जायची आणि यायची, तेव्हा ही रीत शहाणपणाची असेल. छप्पन साली जाणारे परत येणार नव्हते. सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. पेटी ठेवली की आपण गेलो नाही असं वाटायचं.

आमचं स्वतःचं सामान टांडेवर नीट मावलं. कार्याची मोठी पातेली, घंगाळ, पाट, मांडवाचं कापड, वडिलांच्या मोटारीचं जुनं कॅनव्हासचं टप. रेघेच्या खाली. मी स्वतः रचलं आणि मला ते बघून बरं वाटलं होतं.

मग गल्लीत बातमी फिरली की यांच्याकडे टांड झाली आहे.

पहिली पेटी आली, मी ठेवून घेतली. दुसरी आली. तिसरी आणली ती गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मावशींनी, खरी मावशी नव्हे, सगळ्यांची मावशी. चार माणसांनी उचलून आणली. मी म्हणालो, मावशी, भारी दिसून राहिली आहे. त्या म्हणाल्या, "अरे, आमच्या घराचं वजन आहे ते. तुझ्या वडिलांनी कधी असं तोंड केलं नव्हतं." झालं. भिंतीकडची जागा संपलेली होती, ती बाहेरच्या कडेला ठेवली. मग पेटीवर पेटी सुरू झाली. भोपाळ, जबलपूर, इंदूर, जो जाई तो पेटी घेऊन येई, आणि मी दारात उभा राहून हसत असे. दादा कचेरीत असायचा. घरात पेट्या घेणारा मीच. एकूण चौदा झाल्या.

एकालाही नाही म्हटलं नाही. या संकोचाला आमच्यात चांगुलपणा म्हणतात. मला आयुष्यभर लोकांनी गरीब स्वभावाचा म्हटलं आहे, आणि तो शब्द ऐकला की माझ्या अंगाची आग होते. मी गरीब नव्हतो, भित्रा होतो. माझं भिणं दुसऱ्याच्या डोक्यावर टांगलेलं होतं.

पण ती रेघ दिसत होती. दुसरा थर चढला तेव्हा पेट्यांच्या मधल्या फटींतून ती दिसायची, जिकडे पेट्या नव्हत्या तिकडे तर सरळ दिसायची. पेटी घ्यायला दार उघडलं की पहिली तीच. एका दुपारी मी शिडी लावली, टांडेच्या आधी मोटारखान्याची सफेदी झाली होती तिचा चुना उरला होता तो घेतला, जिथे हात पोचला तिथे तो फिरवला आणि पेट्या सरकवून मागेही फिरवला. खाली आलो तर वहिनी, दादाची बायको, अंगणात दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. माझ्या बाहीकडे बघून म्हणाली, "भाऊजी, भोपाळला कारकुनाची जागा आहे ना? मग आता रंगारी कशाला होऊन राहिलात?"

मी म्हणालो, ओल आली होती जरा.

तीन आठवड्यांनी टांड पडली. सकाळी दहाचा सुमार. डॉक्टर मोटार बाहेर काढणार होते, बॅग विसरली म्हणून परत घरी गेले. तेवढ्यात आवाज झाला. मी अंघोळ करत होतो. आधी लोखंड कण्हल्यासारखं आणि मग बराच वेळ भांडी. पातेली गडगडतच राहिली. आम्ही धावत गेलो तेव्हा मोटारीचं टप बसलं होतं, काचेचा भुगा झाला होता, आणि गल्लीतल्या निम्म्या घरांचे संसार मोटारखान्यात उघडे पडले होते. ओळखीच्या बायकांची लुगडी, कोणाच्या मुंजीचा फोटो, कोणाच्या तपकिरीच्या डब्या. मावशींची पेटी फुटली होती. तिच्यातून रजईत गुंडाळलेलं जातं निघालं. दोन्ही तळ्या. आणि पाटा. आणि वरवंटा.

म्हणजे दगड. ग्वाल्हेरसारख्या दगडांच्या गावात माणसं दगड पेटीत घालून, कुलूप लावून, हळदकुंकू वाहून आमच्या डोक्यावर ठेवून गेली होती, आणि आत काय आहे हे विचारणं असभ्य होतं.

मावशी अजून गाव सोडून निघाल्या नव्हत्या. त्या आल्या, जात्याला हात लावला आणि म्हणाल्या, नशीब, फुटलं नाही.

दादाने मिस्त्रीला बोलावणं पाठवलं. तो आला तेव्हा अंगणात डॉक्टर, आमच्या घरची माणसं, गल्लीतले सात-आठ जण उभे होते. दादा जे बोलला ते सगळं लिहीत नाही. त्याचा सूर असा होता की मी आधीच सांगितलं होतं पटियांना आकडे लाव, तू आपलं शहाणपण केलंस, खाली माणूस असता तर. मिस्त्री आत गेला. पडलेला आकडा उचलला आणि बाहेर येऊन दाखवला. आकडा सरळ झाला होता, तुटला नव्हता. गर्डर जिथल्या तिथे, पटिया शाबूत. त्याने शांतपणे सांगितलं की हे वजनाने झालं आहे, इतकं सामान या टांडेसाठी नव्हतं, म्हणूनच मी भिंतीवर लाल निशाण करून गेलो होतो.

सगळे भिंतीकडे बघायला लागले. भिंत पांढरी होती.

"कसलं निशाण?" दादा म्हणाला.

मिस्त्री भिंतीजवळ गेला, हाताने चाचपलं. मग वळला आणि माझ्याकडे पाहिलं. त्याला तेव्हाच कळलं असणार. नवा चुना आणि जुना चुना त्याच्या हाताला वेगळा लागत नाही का? पण त्याने आरोप केला नाही. त्याने मला जागा दिली. तेच मला सहन होत नाही.

"भैयाजी, आप तो थे. टांड मैं फिर से बना दूंगा, मजूरी नहीं लूंगा. आप बस इतना कह दीजिए कि निशान था."

वहिनी दारात उभी होती. तिने माझ्या बाहीकडे पाहिलं. आज बाही स्वच्छ होती.

मी म्हणालो, "मला आठवत नाही." आणि मराठीत म्हणालो. त्याच्याशी मी कधी मराठीत बोललो नव्हतो. त्याने हिंदीत विचारलं आणि मी माझ्या माणसांकडे तोंड करून माझ्या माणसांच्या भाषेत उत्तर दिलं. त्याला मराठी समजायचं, दोन पिढ्या आमच्या घरांत वावरलेला तो. त्याने मान हलवली, जशी पटियाला भोक पाडायला सांगितल्यावर हलवली होती, आणि सरळ झालेला आकडा पायरीवर ठेवून दिला.

आता मला राग कशाचा येतो ते सांगतो. जातं सगळ्यांनी पाहिलं होतं. रेघ नसली तरी जातं होतं, चौदा पेट्या होत्या, सरळ झालेला आकडा होता. गेरूची साक्ष लागतच नव्हती. त्या अंगणात शिकलेली माणसं उभी होती, निम्मा जन्म कागदपत्रं तपासण्यात गेलेली, आणि एकाच्याही तोंडून निघालं नाही की अहो, दगड होते त्यात. कारण तसं म्हटलं तर मावशींचं नाव येतं, मग बाकीच्या पेट्यांचं, म्हणजे त्यांचं स्वतःचं. मिस्त्रीचं नाव आलं तर कोणाचंच काही जात नव्हतं. आम्ही पातेल्यांवर नावं कोरून घेतो, वाटी हरवली तर चार घरं पालथी घालतो. आणि त्या सकाळी एका माणसाचं नाव आमच्या अंगणात पडून होतं, ते उचलायला कोणी वाकलं नाही.

त्याने बोलल्याप्रमाणे टांड पुन्हा केली, दोन दिवसांत. रेघ मात्र ओढली नाही. हॉलच्या मांडण्या दादाने बाहेरच्या एका ठेकेदाराला दिल्या. गल्लीतल्या बायका एकमेकींना सांगू लागल्या की त्याला बोलावू नको, त्याने अमक्यांची टांड पाडली. ज्या तोंडांनी त्याचा धंदा चालवला होता त्यांनीच तो बंद केला, वर्षभर सुद्धा लागलं नाही. थाटीपुरात सरकारी क्वार्टरांचं बांधकाम चाललं होतं, तिथे तो दुसऱ्याच्या हाताखाली दगड फोडायला जाऊ लागला, हे मला आईच्या पत्रातून कळलं. भोपाळच्या खोलीत बसून मी ते पत्र वाचलं आणि उत्तरात हवापाणी लिहिलं.

मी स्वतःला सांगत आलो की दादा होता म्हणून मी गप्प बसलो. दादा होता तोवर हे चाललं. दादा गेल्या वर्षी गेला.

यंदा मी रजा काढून आलो, मोटारखाना पाडायचा आहे म्हणून. टांड उतरवायला दोन मजूर आले होते. त्यांनी शेवटची फळी काढली तेव्हा भिंतीचे पोपडे सुटलेले दिसले, ओलीने. आणि पोपड्यांखाली, या टोकापासून जवळजवळ त्या टोकापर्यंत, गेरू. फिका, पण सरळ. मी वीस वर्षांपूर्वी ओल आली होती म्हणालो होतो ते खोटं होतं. या वेळेस ती खरोखर आली होती.

एका मजुराने बोट लावून विचारलं, "बाबूजी, ये लाल लकीर काहे की है?"

वहिनी मागे उभी होती, आता तिचे केस पांढरे. दादा नव्हता. मावशी नव्हत्या. भिण्यासारखं माणूस त्या अंगणात एकही उरलं नव्हतं. आणि मी म्हणालो, "पता नहीं."

हे दुसऱ्यांदाचं आहे म्हणून लिहितो आहे. पहिल्या वेळचं खापर मी सगळ्यांवर फोडू शकलो, या वेळचं फोडायला कोणी नाही. वहिनी मजुरांसाठी चहा टाकायला आत गेली.

मिस्त्री आहे. मी चौकशी केली. थाटीपुरच्या मागे मुलाकडे राहतो, छिन्नी आता हातात धरवत नाही, डोळे चांगले आहेत. मोटारखान्याची ती भिंत मी अजून पाडू दिलेली नाही.

त्याला मजुरी नको होती, तेव्हाही नाही. त्याने एक वाक्य मागितलं होतं. ते मी त्याला देणं लागतो: त्याला त्या भिंतीसमोर आणून, गल्लीत जी घरं उरली आहेत त्यांना बोलावून, त्याच्या भाषेत सांगायचं, की निशान था, आणि मैंने मिटाया.